डॉक्सोरुबिसिन, तांबडी रक्तपेशी आणि हृदय

कर्करोगावरील औषधे वेगाने विभागणाऱ्या पेशींना मारतात, हे विधान पाठ्यपुस्तकांत इतक्या वेळा येते की त्याच्या मर्यादांकडे सहसा लक्ष जात नाही. १९६० च्या दशकात इटलीत स्ट्रेप्टोमायसिस वंशाच्या सूक्ष्मजीवापासून मिळालेल्या डॉक्सोरुबिसिनपुरते तरी ते अपुरे आहे. पक्व तांबड्या रक्तपेशीस केंद्रक नसते. हृत्स्नायूची पेशी जन्मानंतर क्वचितच विभागते. तरीही हे औषध दोहोंना बाधते.

याचे एक कारण औषधाच्या रेणूतील क्विनोन गटात आहे. हा गट एक इलेक्ट्रॉन घेतो, तो प्राणवायूस देतो आणि पुन्हा मोकळा होतो. औषध खर्ची न पडता सुपरऑक्साइड व त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होत राहते. लोहाच्या सान्निध्यात त्यातूनच अतितीव्र हायड्रॉक्सिल मूलक संभवतो. तांबड्या पेशीत प्राणवायु आणि लोह दोन्ही विपुल. प्रयोगनलिकेत तिच्यातील हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन होते, आवरणातील मेदद्रव्येही ऑक्सिडीकृत होतात. परंतु या पेशीपाशी कॅटलेज व ग्लुटाथिओन यांचे भक्कम संरक्षण असते. रुग्णास होणारा पांडुरोग मुख्यत्वे अस्थिमज्जा दबल्यामुळेच होय, हे येथे विसरता कामा नये.

हृत्स्नायूत कॅटलेज अल्प आणि मायटोकॉन्ड्रिया दाट. शिवाय तांबडी पेशी सुमारे १२० दिवसांनी बदलली जाते. नष्ट झालेल्या हृत्पेशीची जागा घेण्यास जवळजवळ कोणी नसते. केवळ मूलकांनी सर्व उलगडा होतो, असेही नाही. टोपोआयसोमरेज २-बीटा हे विकर हृत्पेशीतून काढून टाकलेले उंदीर या औषधापासून बचावले, असे २०१२ मध्ये दिसून आले.

हानी एकूण मात्रेबरोबर वाढते. शरीरपृष्ठाच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ४०० मिलिग्रॅम झाल्यावर सुमारे ५ टक्के, तर ५५० मिलिग्रॅमला सुमारे २६ टक्के रुग्णांत हृदय निकामी होऊ लागल्याचे २००३ मधील एका विश्लेषणात आढळले.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात बालकांच्या रक्तकर्करोगासाठी १९८० च्या दशकात अवलंबिलेल्या एमसीपी-८४१ या उपचारपद्धतीत याच कुळातील डॉनोरुबिसिन होते. असे औषध घेऊन बरा झालेला मुलगा वालूरसारख्या गावी परतला की त्याचे रक्त काही महिन्यांत पूर्ववत होते. हृदयाची दुर्बलता मात्र कित्येक वर्षांनी, कदाचित तो कर्ता पुरुष झाल्यावर, प्रकट होऊ शकते. त्या वेळी समोर बसलेल्या डॉक्टरास एकूण मात्रेची नोंद असलेला कागद मिळाला, तरच धाप लागण्याचे मूळ कोठे शोधावे हे त्यास सुचते.