हिमालय ओलांडून येणारे पाहुणे

हंस म्हटला कीं आपणांस मानससरोवर आणि नीरक्षीरविवेक आठवतो. शाळेंत मींही पस्तीस वर्षें हेंच शिकविलें. परंतु हिमालयापलीकडचा एक खराखुरा हंस दर हिवाळ्यांत आपल्या नाशिक जिल्ह्यांत उतरतो, हें मला निवृत्तीनंतर कळलें. त्याचें नांव पट्टकादंब. करडें अंग, पांढरें डोकें आणि त्यावर मागील बाजूस दोन काळे पट्टे, ही त्याची खूण.

लडाख, तिबेट व मध्य आशिया येथील उंच सरोवरांकाठीं तो अंडीं घालतो. थंडी पडूं लागली कीं तो दक्षिणेस निघतो. आणि वाटेंत उभा असतो हिमालय! अंगावर यंत्रें बसवून केलेल्या संशोधनांत कांहीं पक्षी सात हजार मीटरांहून उंच उडालेले आढळले. तेथील विरळ हवेंत माणसास चार पावलें टाकतांनाही धाप लागते. मग ह्यास तें साधतें कसें? त्याच्या रक्तांतील हिमोग्लोबिन विरळ हवेंतूनही प्राणवायु चटकन् धरतें. शिवाय तो उगाच उंच चढत नाहीं. डोंगराच्या चढउतारास लगटून, पुष्कळदां रात्रीं वा पहांटे उडतो. थंड हवा अधिक दाट असल्यानें पंखांस आधार मिळतो.

निफाड तालुक्यांत गोदावरी व कादवा ह्यांच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. गाळ सांचून तेथें उथळ पाणथळ तयार झाली. १९८६ सालीं तें अभयारण्य झालें आणि २०२० सालीं महाराष्ट्रांतील पहिलें रामसर क्षेत्र म्हणून जाहीर झालें. पट्टकादंबाप्रमाणें संस्कृत काव्यांतला विरही चक्रवाकही तेथें हिवाळा काढतो.

परंतु हे पाहुणे रात्रीं शेतांत उतरून हरभऱ्याचे व गव्हाचे कोवळे अंकुर खुडतात. तेथील एका शेतकऱ्यानें मला विचारलें, "गुरुजी, पाहुणे समद्यांचे, अन् पंगत माझ्याच वावरांत व्हय?" मला उत्तर सुचलें नाहीं. परततांना पाण्यावर पसरलेल्या पाणवेली पाहिल्या. त्यांना पोसणाऱ्या सांडपाण्यांत आपल्या शहराचाही वाटा आहे. म्हणजे पाहुण्यांस घांस देतो शेतकरी, आणि घाण देतों आपण!

त्या शेतकऱ्याचें नुकसान भरून निघावें आणि नदी स्वच्छ राहावी, एवढा यजमानधर्म आपण नगरवासीयांनीं पाळावयास नको काय?