काडतूस कोणी भरायचं?

पुण्याच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर एक बातमी ठरलेल्या साच्यात येते: गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं जप्त. गोळी झाडून झाली असेल तर ‘रिकामी पुंगळी’ सापडते. हा शब्द नेमका आहे, कारण उरते ती एका टोकाला बंद असलेली पितळी नळीच. तिचं बूड उलटं करून पाहिलं की पुष्कळदा दोन अक्षरं दिसतात, के आणि एफ. किर्की फॅक्टरी, म्हणजे खडकीचा कारखाना. उत्तर प्रदेशातल्या खटल्यांच्या निकालपत्रांत ‘८ एमएम के.एफ.’ ही नोंद इतक्यांदा येते, की तिकडच्या फौजदारी वकिलाला खडकी नकाशावर दाखवता आली नाही तरी तिची मुद्रा पाठ असावी. परवानाधारकासाठी बनलेलं काडतूस कट्ट्यापर्यंत कसं पोचतं, हा पोलिसांचा विषय. इथे विषय आहे तो पुंगळीचा, आणि ती भरायची कोणी याचा.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या माळावर इंग्रजांनी पेशव्यांच्या फौजेला हरवलं. त्याच परिसरात १८६९ मध्ये अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी उभी राहिली. मुंबईहून बोरघाट चढून येणारी रेल्वे १८६३ मध्ये पुरी झाली होती आणि लष्करी छावणी शेजारीच होती. त्याहून मोठं कारण मात्र काडतूसच होतं. १८५७ चं कागदी काडतूस शिपाई दाताने फाडायचा, दारू बंदुकीच्या नळीत ओतायचा, वरून गोळी गजाने ठासायचा. त्या कागदाला लावलेल्या चरबीवरून काय पेटलं ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पुढच्या दहा वर्षांत इंग्रजी फौजेत स्नायडर बंदूक आली आणि तिच्याबरोबर धातूचं काडतूस. गोळी, दारू आणि ठिणगी पाडणारी टोपी एकाच पुडक्यात बंद झाली. शिपायाच्या हातून बार भरण्याचं काम गेलं, ते कारखान्याने उचललं.

पुंगळी ओतत नाहीत, खेचतात. सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त यांच्या पितळी पत्र्यातून चकती कापायची, तिची वाटी करायची आणि ती वाटी साच्यातून पुन्हा पुन्हा दाबून लांबवायची. दर खेचीला पितळ ताठर होतं. मधे तापवून मऊ केलं नाही तर ते तडकतं. कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ठोके खाऊन कडक झालेलं भांडं भट्टीत घालून नरम करणं हा तिथला रोजचा व्यवहार आहे. खडकीत तेच काम यंत्रं करतात, आणि भिंतीची जाडी केसाएवढीही चुकून चालत नाही.

जुन्या काळ्या दारूच्या पुंगळ्या बहुधा सरळ भिंतीच्या असत, बुडापासून तोंडापर्यंत जवळजवळ एकाच मापाच्या. धूरविरहित दारू आली तशी बाटलीसारख्या मानेची काडतुसं रूढ झाली: पोटात दारू भरपूर, तोंडाशी गोळी बारीक, वेग जास्त. ‘थ्री नॉट थ्री’ त्याच घराण्यातली. सरळ भिंत मागे पडली, पण संपली नाही. रिव्हॉल्व्हरचं बत्तीस बोरचं काडतूस आजही सरळच असतं.

या भिंतीच्या आकारात राजकारण शिरलं ते हिंदुस्थानात. जॉन रिग्बी या बंदूकवाल्याने १८९८ मध्ये .४५० नायट्रो एक्स्प्रेस हे सरळ भिंतीचं दणकट काडतूस आणलं. वाघ-गव्याच्या शिकारीला निघणाऱ्या साहेबांमध्ये ते लोकप्रिय झालं. पण सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या हातात सरकारी मार्टिनी-हेन्री बंदुका पडलेल्या होत्या आणि त्यांच्या गोळीचं माप तेच होतं. शिकाऱ्याचा माल बंडखोराच्या कामी येईल या भीतीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारने हिंदुस्थानात .४५० ची आयात बंद केली. इंग्रज बंदूकवाल्यांनी मग .४६५, .४७०, .४७५ अशी शेजारची मापं काढली. मोठ्या शिकारीच्या बंदुकांची ती सगळी भावंडं एका मनाई हुकुमाच्या पोटी जन्माला आली.

दुसरी गोष्ट आणखी मजेशीर. पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना बंदूक तर द्यायची, पण ती फौजेच्या तोडीची नको. म्हणून इशापूरच्या कारखान्यात ली-एन्फिल्ड रायफलींच्या नळ्या आतून गुळगुळीत आणि रुंद केल्या, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला. बोल्ट मागे ओढायचा, एक काडतूस घालायचं, एकदाच झाडायचं. ही .४१० मस्केट. तिचं काडतूस कसलं? थ्री नॉट थ्रीचीच पुंगळी, फक्त मान न आवळता सरळ सोडलेली. म्हणजे कारखान्याने एक टप्पा गाळला आणि नवं शस्त्र तयार झालं! यातल्या पुष्कळ मस्केटी पुढे मोडीत निघून अमेरिका-कॅनडात विकल्या गेल्या. तिथले हौशी लोक थ्री नॉट थ्रीच्या पुंगळीची मान फुलवून ती घरच्या टेबलावर पुन्हा भरतात.

अमेरिकेत हा छंदच आहे. हातदाबाचं यंत्र, तराजू, मापाचे साचे घेऊन माणसं तळघरात बसतात. ओहायो आणि मिशिगनमध्ये २०१४ पासून हरणाच्या शिकारीला सरळ भिंतीची काडतुसं चालू लागली. सपाट, वस्तीच्या मुलखात त्यांची गोळी फार लांब जात नाही, हा हिशेब. विंचेस्टर कंपनीने २०१९ मध्ये .३५० लेजंड बाजारात आणलं ते याच गिऱ्हाइकासाठी. इथेही भिंतीचा आकार कायद्यानेच ठरवला, फक्त कारण निराळं.

आपल्याकडे तसं टेबल मांडायची सोय नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग येतात आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते. टेबलावरचा तो हातदाब कायद्याच्या नजरेत स्वतःच दारूगोळा. शिकारीची गोष्ट तर केव्हाच मिटलेली: १९७२ च्या वन्यजीव कायद्याने परवान्याची जी फट ठेवली होती ती १९९१ च्या दुरुस्तीने बुजवली. खडकी मात्र भरतेच आहे, १ ऑक्टोबर २०२१ पासून ‘म्युनिशन्स इंडिया’ या सरकारी कंपनीच्या पाटीखाली. कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच आहे.

पुण्याने अलीकडे ज्या सरळ पुंगळीचं कौतुक केलं ती मात्र खडकीच्या जातीची नव्हे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्निल कुसळे, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, बालेवाडीच्या रेंजवर घडलेला आणि तेव्हा मध्य रेल्वेच्या पुणे विभागात तिकीट तपासनीस असलेला. त्या स्पर्धेत पॉइंट टू-टूचं काडतूस लागतं. त्याचा स्फोटक लेप बुडाच्या दुमडलेल्या कडेत असतो. घोड्याने कड चेपली की पुंगळी टाकाऊ. ती पुन्हा भरता येत नाही. म्हणून नेमबाज भरत नाहीत, निवडतात. एकाच कंपनीचे वेगवेगळे लॉट स्वतःच्या रायफलीतून झाडून बघतात, ज्याची भोकं कागदावर सगळ्यांत दाटीने पडतील तो लॉट आपला.

स्वतःच्या हाताने बार भरणारा माणूस महाराष्ट्रात शोधायचा तर कोकणात जावं लागतं. शेती संरक्षणाच्या परवान्यावर तिथे अजून ठासणीच्या बंदुका आहेत. नळीतच दारू, वर चिंधी, छर्रे, गजाने ठासायचं, टोपी बसवायची. पुंगळीचा प्रश्नच नाही, नळी हीच सरळ भिंत. निवडणूक जाहीर झाली की त्यातल्या अनेक बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. निकाल लागेपर्यंत त्या कोपऱ्यात उभ्या राहतात आणि तोवर शेताच्या बांधावर पत्र्याचे डबे वाजवले जातात.