व्हिडिओ कॅमेरा : किंमत आणि खरा खर्च

ग्रामसभेतील चर्चा, पाणलोटाच्या कामांची प्रगती, शाळेतील विज्ञान प्रदर्शन, गावातील वृद्ध स्त्रियांच्या मुखी असलेल्या जात्यावरच्या ओव्या, या साऱ्यांचे चित्रीकरण करून ठेवावे, अशी निकड आता लहान गावांतूनही जाणवू लागली आहे. पुष्कळसे काम हातातील मोबाइलवर भागते. परंतु तीन तास चालणारी सभा, मागच्या रांगेतून हळू आवाजात बोलणारी स्त्री आणि सभामंडपातील अपुरा उजेड असा प्रसंग आला की मोबाइल तोकडा पडतो. मग अर्धव्यावसायिक व्हिडिओ कॅमेरा घेण्याचा ठराव पुढे येतो. ठरावात किमतीचा एक आकडा असतो. हा आकडा खर्चाचा आरंभ होय, शेवट नव्हे. हे खरेदीपूर्वी ध्यानात न घेतल्यास लोकांच्या पैशातून आलेले यंत्र कपाटात पडून राहते आणि जे जपून ठेवावयाचे तेही जपले जात नाही.

अर्धव्यावसायिक म्हणजे काय ?

घरगुती उपयोगाचा कॅमेरा आणि दूरचित्रवाणी केंद्रातील कॅमेरा यांच्यामधील हा वर्ग होय. त्याचे भिंग दूरचा चेहरा स्पष्टपणे जवळ आणते. प्रकाश आणि आवाज यांचे नियंत्रण चालविणाऱ्याच्या हाती राहते. व्यावसायिक ध्वनिग्राहक जोडण्यासाठी त्यास बहुधा एक्सएलआर पद्धतीची खोबण असते, आणि त्यावर दीर्घकाळ सलग मुद्रण करता येते. छायाचित्रे काढण्याच्या अनेक कॅमेऱ्यांत सलग मुद्रणास सुमारे ३० मिनिटांची मर्यादा असे. सभेच्या कामी ती मोठीच अडचण ठरते. जेथे या सोयींची गरज नाही, तेथे हा कॅमेरा घेण्याचे प्रयोजनही नाही.

सोबतची सामग्री

नुसता कॅमेरा घेऊन काम सुरू होत नाही. हातात धरलेल्या कॅमेऱ्याचे चित्र हलते. म्हणून भक्कम तिपाई हवी. दुसरी गरज ध्वनिग्राहकाची. चित्र थोडे अंधुक असले तरी प्रेक्षक ते पाहतो, पण शब्द ऐकू आले नाहीत तर तो उठून जातो. कॅमेऱ्यावर बसविलेला ध्वनिग्राहक वक्त्याच्या आवाजाबरोबरच पंख्याची घरघरही तितक्याच इमानाने टिपतो. म्हणून वक्त्याच्या कपड्यास लावावयाचा बिनतारी ध्वनिग्राहक आणि एका दिशेचा आवाज घेणारा ध्वनिग्राहक ही चैन नसून गरज आहे. याखेरीज जादा बॅटऱ्या, स्मृतिपत्रे, आवाज पारखण्यासाठी कर्णयंत्र आणि एखादा दिवा यांची तरतूद करावी लागते. व्हिडिओ कॅमेऱ्यावरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. तरीही दरपत्रकांची तुलना नेहमी करासह किमतीवरूनच करावी.

चित्रीकरणानंतरचा खर्च

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते साठवणुकीकडे. उच्च प्रतीच्या ‘फोर-के’ चित्रणात सेकंदाला १०० मेगाबिट माहिती नोंदली जात असेल, तर एका तासास सुमारे ४५ गिगाबाइट जागा लागते. ६४ गिगाबाइटचे स्मृतिपत्र दीड तासही पुरत नाही. तीन तासांच्या सभेस १३५ गिगाबाइट, आणि सुरक्षिततेसाठी दुसरी प्रत ठेवल्यास २७० गिगाबाइट जागा हवी. दुसरी प्रत वेगळ्या इमारतीत ठेवणे अगत्याचे आहे. एकाच कपाटातील दोन प्रती एकाच आगीत वा पुरात नष्ट होतात. सभेच्या नोंदीस इतक्या सूक्ष्म चित्राची गरज नसते. सेकंदाला २५ मेगाबिट या दराने केलेले साधे ‘फुल एचडी’ चित्रण तासाला सुमारे ११ गिगाबाइटमध्ये मावते. याशिवाय संकलनासाठी पुरेशा क्षमतेचा संगणक लागतो. कार्यालयातील पत्रव्यवहाराच्या संगणकावर हे काम रखडते.

तंत्रही बदलत जाते. १९९५ मध्ये डिजिटल व्हिडिओ फिती आल्या आणि पुढे अनेक संस्थांनी त्यांवर मोलाचे चित्रण केले. आज त्या फिती असूनही त्या चालविणारे चालू स्थितीतील यंत्र शोधावे लागते. जुने चित्रण वेळोवेळी नव्या साधनावर उतरवून घेणे, हादेखील खर्चाचाच भाग होय.

निगा आणि माणूस

कोकणातील पावसाळ्यात दमट हवेमुळे भिंगावर बुरशी चढते. कोरड्या प्रदेशात बारीक धूळ आत शिरते. ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह बंद पेटी, नियमित सफाई आणि वापर नसतानाही बॅटऱ्यांची अधूनमधून तपासणी एवढी निगा तरी हवीच.

त्याहून मोठा प्रश्न माणसाचा. अहमदाबाद येथील ‘सेवा’ या स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेत १९८४ मध्ये व्हिडिओचे काम सुरू झाले. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा स्त्रियाही प्रशिक्षणानंतर कॅमेरा चालवू लागल्या. यंत्र अवघड असते म्हणून ते पडून राहते असे नव्हे. ते चालविण्यास कोणी शिकविलेले नसते म्हणून पडून राहते. एकच शिक्षक वा लिपिक शिकला आणि त्याची बदली झाली, तर कॅमेऱ्याचे कामही थांबते. निदान दोघांना शिकविणे आणि त्यांचा वेळ हिशेबात धरणे आवश्यक आहे.

घ्यावा की भाड्याने आणावा ?

उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. कॅमेरा दीड लाख रुपये, सोबतची सामग्री ७० हजार, संगणक ८० हजार आणि साठवणुकीची साधने २० हजार, असे एकूण ३ लाख २० हजार रुपये झाले. पाच वर्षांनी २० हजार रुपये परत मिळतील असे मानल्यास दरवर्षी ६० हजार रुपयांचा भार पडतो. निगा, विमा आणि नवीन साठवणूक यांसाठी वर्षाला २० हजार धरले, तर वार्षिक खर्च ८० हजार होतो. चालविणाऱ्याचा मोबदला दिवसाला एक हजार रुपये धरावा. वर्षातून १० दिवस कॅमेरा वापरल्यास एका दिवसास ९ हजार रुपये पडतात. ४० दिवस वापरल्यास ३ हजार. चित्रीकरण करणारा माणूस आणि संकलन यांसह भाड्याचा दर दिवसाला ६ हजार असेल, तर १६ दिवसांवर दोन्ही पारडी समतोल होतात. त्याहून कमी वापर असल्यास भाडे स्वस्त, अधिक असल्यास खरेदी स्वस्त. दर गावोगावी निराळे असतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

एका गावाचा वापर १६ दिवस भरत नसेल, तर शेजारच्या चार-पाच ग्रामपंचायती किंवा एका केंद्रातील शाळा मिळून विचार करू शकतात. मात्र कॅमेरा कोणाच्या ताब्यात राहील, नोंदवही कोण ठेवील आणि दुरुस्तीचा खर्च कसा वाटला जाईल, हे आधीच लेखी ठरवावे.

म्हणून ठरावात किमतीच्या आकड्याबरोबर आणखी चार गोष्टी लिहिल्या जाव्यात : वर्षाकाठी वापराचे दिवस किती, चालविणारी दोन माणसे कोण, चित्रण कोठे व किती प्रतींत ठेवले जाईल, आणि पाच वर्षांचा एकूण खर्च किती. या चारांची उत्तरे मिळाली तर कॅमेरा अवश्य घ्यावा. न मिळाली तर आधी तिपाई आणि चांगला ध्वनिग्राहक घेऊन मोबाइलवरच काम सुरू करावे. मागच्या रांगेतून बोलणाऱ्या स्त्रीचा शब्द नीट ऐकू यावा आणि पुढील पिढीपर्यंत टिकावा, हे खरे उद्दिष्ट. कॅमेरा हे त्याचे केवळ एक साधन आहे.