छोटी स्पोर्ट्‌स गाडी आणि रोजचा रस्ता

मोटारीचा भार पेलणारी स्प्रिंग आणि त्या स्प्रिंगची उसळी आवरणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर, यांच्याकडे सामान्य मालकाचे लक्ष सहसा जात नाही. दोन आसनांच्या छोट्या स्पोर्ट्‌स गाड्यांचे मालक मात्र याला अपवाद आहेत. स्प्रिंग जितकी ताठर आणि गाडी जितकी जमिनीलगत, तितकी ती वळणावर भरवशाची, असा समज त्यांच्यात रूढ आहे. शर्यतीच्या गुळगुळीत मार्गापुरते त्यात तथ्यही आहे. परंतु रोजच्या रस्त्यावर हाच समज पुष्कळदा अंगाशी येतो, आणि प्रसंगी जिवावरही बेततो.

जपानच्या माझदा कंपनीने १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात मांडलेली एमएक्स-५ ही गाडी उदाहरणादाखल घेता येईल. तिचे वजन सुमारे साडेनऊशे किलो. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. घोडा आणि स्वार यांची एकरूपता, ही जुनी जपानी कल्पना तिच्या रचनाकारांनी आदर्श म्हणून पुढे ठेवली होती. गाडी इतकी हलकी की, दोन माणसे बसली तरी तिच्या वजनात जवळजवळ सातव्या हिश्श्याची भर पडते. अशा गाडीला ताठर स्प्रिंग लगेच बाधते.

यामागचे गणित सोपे आहे. स्प्रिंगवर तोललेली गाडी एका ठरावीक गतीने वरखाली झुलते. ही झुलण्याची गती सेकंदाला सव्वा वेळ असेल, तर गाडीच्या स्वतःच्या भाराने स्प्रिंग, चाकापाशी मोजल्यास, सुमारे १६ सेंटिमीटर दबलेली असते. ताठर स्प्रिंग घालून तीच गती सेकंदाला दोनवर नेली, की हा दाब अवघा सहा सेंटिमीटर उरतो. चाक खड्ड्यात उतरते ते या दाबलेपणाच्या बळावर. तेव्हा दाब जितका कमी, तितके चाक लवकर भारमुक्त होते. आणि ज्या चाकावर भार नाही, ते ना वळवू शकते, ना थांबवू शकते. म्हणजे पकड वाढावी म्हणून घातलेली स्प्रिंगच खडबडीत रस्त्यावर पकड घालवते.

गाडी खाली बसवण्याचा परिणाम याहून सूक्ष्म आहे. चाक वर येण्याची मर्यादा संपते तेथे शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या दांड्यावर एक रबरी ठोकळा असतो. गाडी चार सेंटिमीटर खाली आणली, की वरच्या दिशेची तेवढी मोकळीक खर्ची पडते आणि लहानशा उंचवट्यावरही चाक त्या ठोकळ्यावर आदळते. त्या क्षणी स्प्रिंगचा ताठरपणा एकाएकी वाढतो. पावसात, वळणाच्या मध्यावर, मागच्या बाहेरील चाकाच्या बाबतीत असे घडले, तर गाडीची मागची बाजू घसरून फिरू शकते.

म्हणून रोजच्या वापरासाठी सुधारणा करायची, तर क्रम महत्त्वाचा. आरंभ सुट्या भागांच्या खरेदीने नव्हे, तपासणीने व्हावा. जुन्या गाडीतील सांध्यांची रबरी बुश फुटलेली असली, टायर वयाने कडक झालेले असले, तर नवी स्प्रिंग त्यांचे दोष झाकत नाही, उघडे पाडते. त्यानंतर शॉक अ‍ॅब्सॉर्बर. ते चाकाच्या हालचालीतील शक्ती तेलाच्या घर्षणात जिरवून तिची उष्णता करतात. ते थकले की गाडी एका उंचवट्यावर दोन-तीनदा झुलते. चांगले नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर मूळच्या स्प्रिंगवर बसवले, तरी पुष्कळ मालकांची तक्रार तेथेच मिटते.

स्प्रिंग बदलायचीच झाली, तर ती मूळच्याहून थोडीच ताठर असावी आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर तिला साजेसा निवडावा. कारण ताठर स्प्रिंगची उसळी आवरणे कमकुवत शॉक अ‍ॅब्सॉर्बरला झेपत नाही. उंची दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा अधिक उतरवू नये. रबरी ठोकळा हळूहळू घट्ट होत जाणारा, मऊ जातीचा असावा. एमएक्स-५ च्या १९९८ मधील दुसऱ्या पिढीतील शॉक अ‍ॅब्सॉर्बरची वरची बैठक पहिल्या पिढीच्या गाडीत थोड्या फेरफाराने बसते आणि चाकाला अधिक मोकळीक देते, हा उपाय जुन्या गाड्यांच्या मालकांत सुपरिचित आहे. वळणावरचा कल फार जाणवत असेल, तर डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पिळाची दांडी किंचित जाड घालावी. दोन्ही चाके एकदम उचलणाऱ्या गतिरोधकावर ती त्रास देत नाही. शेवटी चाकांचे कोन मोजून घ्यावेत. उंची बदलली की तेही बदलतात.

तात्पर्य, कठीण गाडी ही चपळ गाडी असतेच असे नाही. पकड ठरते ती टायर रस्त्याला किती वेळ चिकटून राहतो यावर. आणि रस्ता जसा आहे तसा स्वीकारून चाकाला त्याच्याबरोबर हलू देणारी गाडीच, खड्ड्यातून आणि पावसातूनही, चालकाचे ऐकते.