जालन्याच्या हिवाळ्यात झाडांना बाधतो तो कोरडेपणा

जालना - दिवाळी उलटून गारठा पडू लागला, की औद्योगिक वसाहतीलगतच्या चंदनझिरा परिसरात आणि शहरातील बंगल्यांच्या अंगणांत झाडांना पाणी देण्याचा क्रम मोडतो. पाने हिरवी दिसतात आणि नळाच्या पाण्याची प्रतीक्षा अंगवळणी पडलेल्या जालनेकरांना वाचलेली प्रत्येक बादली मोलाची वाटते. पुढे मे महिन्यात झाड शेंड्याकडून वाळू लागले, की दोष उन्हाला दिला जातो. त्याची सुरुवात मात्र अनेकदा डिसेंबरातच झालेली असते.

येथे बर्फ पडत नाही. काही रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो, पण दुपारचे ऊन तापतेच. सदाहरित झाडांचे बाष्पोत्सर्जन त्यामुळे थांबत नाही. त्यात काळी जमीन सुकताना भेगाळते आणि तंतुमुळे तुटतात. वरचा थर न पाहता खुरप्याने वीतभर माती उकरावी. आत कोरडी लागल्यास पाणी द्यावे. दोन-तीन वर्षांच्या रोपाला साधारणतः आठवड्यातून एकदा, तर मोठ्या झाडाला पंधरा-वीस दिवसांनी भरपूर पाणी पुरेसे होते. आळ्यात पालापाचोळ्याचे चार बोटे जाड आच्छादन केल्यास ओल टिकते. अंगणात फरशी बसविताना खोडाभोवती माती मोकळी सोडावी, हे सांगण्याची खरे तर गरज पडू नये.

जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. साहजिकच येथील अनेक अंगणांत मोसंबीचे झाड असते आणि बागायतदार नातलगाचे पाहून त्यालाही 'ताण' दिला जातो. आंबिया बहारासाठी बागेचे पाणी हिवाळ्यात तोडतात. पाने पिवळसर होऊन काही गळली, की खत देऊन पुन्हा पाणी सुरू करतात. हा उपाय पूर्ण वाढलेल्या, सशक्त झाडासाठी आहे. पाच वर्षांच्या आतील किंवा रोगट झाडाला ताण दिल्यास बहार दूरच, झाडच हातचे जाते. २०१२ च्या अवर्षणानंतर जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या, हे शहरवासीयांनी पाहिले आहे. आंब्याची गोष्ट निराळी. फळे देणाऱ्या आंब्याला मोहोराच्या काळात पाणी देऊ नये. फळे वाटाण्याएवढी झाल्यावर ते सुरू करावे.

औद्योगिक परिसरात धुळीचा प्रश्न आणखी आहे. हिवाळ्याच्या पहाटे थंड हवा जमिनीलगत साचून राहते; कारखान्यांचा धूर आणि रस्त्यावरची धूळ वर विरत नाही. पानांवर बसलेला थर धुवून काढणारा पाऊस थेट जूनमध्ये येतो. म्हणून लहान झाडांची पाने पंधरवड्यातून एकदा सकाळी पाण्याच्या फवाऱ्याने धुवावीत. मोहोरावर मात्र फवारा मारू नये. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी झाडांना चालते. जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी मोसंबी-लिंबाला टाळलेले बरे.

खोडाला शोभेसाठी तैलरंग फासण्याऐवजी बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना प्रत्येकी पाच लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून एकत्र केले, की ते तयार होते. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे असावे, लोखंडी नसावे. तयार मलमात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढल्यास चुना कमी पडला असे समजून आणखी घालावा. जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत हा लेप दिल्यास मोसंबीवरील डिंक्या रोगाला आळा बसतो. त्याच कारणाने पाणी खोडाला न लागू देणारे दुहेरी आळे करावे.

छाटणी वाळक्या व रोगट फांद्यांपुरतीच ठेवावी. सीताफळाची पाने गळाल्यावर हलकी छाटणी चालते. आंब्याची छाटणी फळे उतरविल्यानंतरच करावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पाने झडली, तर ते झाड मेले असे समजून कुऱ्हाड चालवू नये. १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार स्वतःच्या अंगणातील झाड तोडण्यासही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि झाडाला इजा पोचविणे हेही तोडण्यातच मोडते. रात्रपाळीचे रखवालदार फाटकाजवळच्या झाडाच्या बुंध्याशीच शेकोटी पेटवितात, त्यांना ती चार हात दूर नेण्यास सांगावे. सालीखालचा जिवंत थर एकदा भाजला, की तो भाग पुन्हा अन्नरस वाहून नेत नाही. रोगाची ओळख पटत नसल्यास फांदीचा नमुना घेऊन खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेता येईल.