लिंकन यांना ठाऊक नसलेले लिंकन

मार्च १८४८. अब्राहम लिंकन तेव्हा इलिनॉयचे प्रतिनिधी म्हणून अमेरिकन काँग्रेसमध्ये बसत होते. मॅसेच्युसेट्समधल्या हिंगहॅमहून त्यांना सॉलोमन लिंकन नावाच्या गृहस्थांचं पत्र आलं. या गृहस्थांनी आपल्या गावचा इतिहास लिहिला होता आणि आता ते विचारत होते, तुमचं घराणं मूळचं कुठलं? लिंकन यांना आजोबांपलीकडे जाता येईना. वडील थॉमस, आजोबा अब्राहम. आजोबा व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून केंटकीत आले आणि तिथे मारले गेले. पणजोबा पेनसिल्व्हेनियाचे, क्वेकर पंथाचे, अशी घरात एक पुसट आठवण होती. माहिती तिथेच संपली.

खरं तर उत्तर विचारणाऱ्याच्याच गावात होतं. इंग्लंडमधल्या नॉरफकचा सॅम्युएल लिंकन १६३७ मध्ये एका विणकराच्या हाताखालचा पोरगा म्हणून जहाजाने मॅसेच्युसेट्सला उतरला आणि नव्या हिंगहॅममध्ये स्थिरावला. त्या गावात लिंकन इतके झाले, की एकाच काळात चार थॉमस लिंकन नांदत होते. लोक त्यांना धंद्यावरून ओळखत: विणकर थॉमस, गिरणीवाला थॉमस, पिंपं बनवणारा थॉमस आणि शेतकरी थॉमस. वंशावळ जुळवणाऱ्याची झोप उडावी अशी ही स्थिती.

सॅम्युएलचा मुलगा मॉर्डेकाय लोहार होता. त्याचाही मुलगा मॉर्डेकायच. हा धाकटा मॉर्डेकाय न्यू जर्सीत गेला, तिथून पेनसिल्व्हेनियात, आणि १७३३ मध्ये आजच्या बर्क्स काउंटीत त्याने घर बांधलं. शेजारी बून मंडळी राहत. केंटकीची वाट खुली करणारा प्रसिद्ध डॅनियल बून याच परिसरात १७३४ मध्ये जन्मला. पुढे मॉर्डेकायच्या एका मुलाने डॅनियलच्या चुलत बहिणीशी, ॲनशी लग्न केलं. ती क्वेकर, तो नव्हे. म्हणून पंथाच्या सभेने तिला बोल लावला. लिंकन यांच्या घरात टिकलेली ‘क्वेकर पणजोबां’ची आठवण या शेजारातून आणि सोयरिकीतून आली असावी, असं मला वाटतं.

मॉर्डेकायचा थोरला मुलगा जॉन व्हर्जिनियात गेला. जॉनचा मुलगा कॅप्टन अब्राहम केंटकीत. पिढी बदलली की मुक्काम बदलला, आणि दर मुक्कामावर मागच्या गावची नाती थोडी विरळ झाली. ज्या जमिनीवर हे लोक सरकत होते, ती शॉनी, चेरोकी अशा जमातींच्या वहिवाटीची होती, हे वंशावळीत लिहिलेलं नसलं तरी विसरून चालणार नाही. १७८६ मध्ये कॅप्टन अब्राहम आपल्या शेतात काम करताना मूळनिवासींच्या हल्ल्यात मारला गेला. धाकटा थॉमस तेव्हा आठ वर्षांचा होता. थोरल्या भावाने, मॉर्डेकायने, बंदुकीने हल्लेखोराला टिपलं. व्हर्जिनियाच्या तेव्हाच्या कायद्याने बापाची सारी जमीन थोरल्याला गेली. थॉमसच्या वाट्याला मजुरी आली, शाळा आली नाही. घराण्याच्या गोष्टी सांगणारा बापच गेल्यावर त्याने पुढे मुलाला काय सांगावं?

माणसं विसरली ते कागदांनी धरून ठेवलं. धाकट्या मॉर्डेकायने मृत्युपत्रात न्यू जर्सीतली ३०० एकर जमीन थोरल्या जॉनला दिली होती. जॉनने पुढे ती विकली, तेव्हा खरेदीखतात तो मॉर्डेकायचा मुलगा म्हणून नोंदला गेला. पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनिया यांना जोडणारा दुवा असा जमिनीच्या व्यवहारातून हाती लागला, आणि तोही राष्ट्राध्यक्षांच्या मृत्यूनंतर दोन दशकांनी. घराण्याचा पूर्ण इतिहास १९२३ मध्ये वॉल्डो लिंकन यांनी ग्रंथरूपाने छापला. राष्ट्राध्यक्ष सॅम्युएलपासून सातव्या पिढीचे ठरले.

लिंकन यांच्या हातात एक धागा मात्र आला होता. १८५९ मधल्या छोट्या आत्मवृत्तात त्यांनी नोंदवलं, की न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी आपलं नातं सिद्ध होत नाही. मात्र इनॉक, लेवी, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम ही नावं दोन्हीकडे सापडतात. आजोबाचं नाव नातवाला ठेवणाऱ्या आपल्याकडच्या वाचकाला या खुणेचं मोल सांगायला नको.

आईकडची बाजू याहून अवघड होती. नॅन्सी हँक्स १८१८ मध्ये इंडियानात वारली. विषारी वनस्पती खाल्लेल्या गाईच्या दुधाने होणारा आजार तिला झाला. तिच्या जन्माबद्दल कुजबुज होती, आणि लग्नाची नोंद सापडत नसल्याने लग्नाबद्दलही. ही नोंद शोधत होते ती भलत्याच काउंटीत. ती वॉशिंग्टन काउंटीच्या दप्तरात निघाली: १२ जून १८०६. आणि नॅन्सी ही, जिला तिची आई मानलं जाई त्या लूसी हँक्सचीच मुलगी, हे २०१५ मध्ये, आईकडून मुलीकडे जाणाऱ्या डीएनएच्या तपासणीतून निश्चित झालं. दीर्घकाळ चाललेला वाद मिटला.

लिंकन यांच्या चार मुलांपैकी एकटा रॉबर्ट मोठा होऊन संसारी झाला. त्याच्या मुलीचा मुलगा, रॉबर्ट टॉड लिंकन बेकविथ, २४ डिसेंबर १९८५ रोजी निवर्तला. राष्ट्राध्यक्षांचा थेट वंश तिथे संपला. खापरपणजोबा मॉर्डेकायचं १७३३ चं घर अजून पेनसिल्व्हेनियात उभं आहे.