जुन्या अभंगांचा ऋणनिर्देश

पुस्तकांत तुकोबांचा अभंग घ्यावयाचा तर परवानगी कोणाची, असें नवे लेखक मला पुष्कळदां विचारतात. कोणाचीच नको. १९५७ च्या कायद्यान्वये कवीच्या निधनानंतर आतां ६० वर्षें सरलीं कीं त्याचें काव्य सर्वांचें होतें. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ सालीं निवर्तले. त्यांचीं भजनेंही मोकळीं आहेत.

परंतु परवानगी नको म्हणजे नांव नको, असें नव्हे. खालीं नुसतें ‘तुकाराम’ लिहूनही भागत नाहीं. एका गाथेंत एक पाठ, तर दुसरींत दुसरा. अभंगांचे क्रमांकही निरनिराळे. विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनीं हस्तलिखितें ताडून इंदुप्रकाशची गाथा सिद्ध केली. तिचा पहिला भाग १८६९ त निघाला. असा श्रमाचा पाठ उचलावयाचा आणि संपादक गाळावयाचा, हें मला तरी उचलेगिरीहून निराळें वाटत नाहीं. संपादक, आवृत्ति, साल व क्रमांक एवढें द्यावेंच.

नामदेवांच्या बाबतींत अधिक जपावें. ‘नामा’ ही मुद्रा पुढें विष्णुदास नाम्यानेंही वापरली, आणि दोघांच्या रचना गाथांतून मिसळल्या. केवळ मुद्रेवर विसंबलें तर एकाचें श्रेय दुसऱ्यास जातें. शंका असेल तेथें ‘नामदेवांच्या नांवावर असलेला’ असें लिहावें.

मूळ पद मोकळें असलें तरी हयात विद्वानाचा अनुवाद मोकळा नसतो. तो सबंध छापावयाचा झाल्यास मात्र त्यांस पत्र लिहावें, आणि उत्तर येईपर्यंत छापखाना थांबवावा.